आबा गावाला गेलेत

परवा ताईने भाच्याच्या शाळेचं सत्र संपल्याचं पत्रक फॉरवर्ड केलं. ती इंग्लंडमध्ये असते, पोरगा घराजवळच्या कॅथलिक प्रायमरीत जातो. हरवलेले स्वेटर घेऊन जा, दोन आठवडे सुट्टी, उपवासकाळात मुलांनी गरिबांसाठी पैसे जमवले वगैरे वगैरे. आणि मध्येच, वरच्या वर्गाने सगळ्यांसमोर 'क्रुसाची वाट' सादर केली. म्हणजे येशूला शिक्षा सुनावल्यापासून थडग्यात ठेवेपर्यंतचे १४ प्रसंग.

ताई वैतागलेली. "एवढ्याशा पोरांना मरण कशाला दाखवायचं? चॉकलेटची अंडी वाटा की!"

मला नाही पटलं. बाबा गेले तेव्हा आम्ही भाच्याला "आबा गावाला गेलेत" असं सांगितलं होतं. पुढे कित्येक महिने तो फोनवर विचारायचा, "आबा कधी येणार?" आणि आम्ही शहाणीसुरती माणसं विषय बदलायचो.

शाळेने विषय बदलला नाही. इस्टरचा रविवार आनंदाचा, पण त्याआधी गुड फ्रायडे आहे. आणि मधला शनिवार तर नुसता वाट बघण्याचा, रात्रीच्या जागरणापर्यंत चर्चमध्ये मिस्सासुद्धा नसते. रविवारच्या चमत्कारावर माझा विश्वास नाही. पण शुक्रवार आणि शनिवार प्रत्येक घरात येतात, आमच्याकडेही आले.

काल भाच्याने विचारलं, "मामा, आबा मेलेत ना?"

"हो रे."

"मग सांगायचं ना!"

तुम्ही काय सांगता घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांना?