गाडी पाहावी नावावर करून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपण मराठीत म्हणतो. आमच्या घरात हीच म्हण ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’ अशी कन्नडमधूनही ऐकू येते, कारण सौभाग्यवतींचे माहेर बैलहोंगलचे. पण दोन्ही भाषांतली ही म्हण अपुरी आहे, हे मला गेल्या हिवाळ्यात उज्जैनला उमगले. तिला तिसरे कलम जोडायला हवे : ‘जुनी गाडी पाहावी नावावर करून!’

झाले असे, की आमच्या भाच्याने जीप घ्यायचे मनावर घेतले. आतेभाऊ उज्जैनला फ्रीगंजमध्ये राहतो. शिंद्यांच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या मराठी घरांपैकी त्याचे एक घर. २०२४ मध्ये उज्जैनच्या विक्रमोत्सव व्यापार मेळ्यात नव्या गाड्यांच्या वाहन करात ५० टक्के सूट मिळाली, तेव्हापासून ‘उज्जैनला गाडी स्वस्त’ हे भाच्याच्या डोक्यात पक्के बसले होते. ती सूट नव्या गाडीला आणि तिथल्याच नोंदणीला होती, हे मी सांगून पाहिले. पण आतेभावाने मोबाईलवर एका जुन्या जीपचा फोटो पाठवला आणि सगळे सांगणे वाया गेले. ताईने मुदत ठेव मोडली, तीन लाख रुपये मुलाच्या खात्यात टाकले आणि मला म्हणाली, “दादा, तू बरोबर जा. तो नुसता रंग बघून भुलेल.”

जीप खरेच देखणी होती. गडद हिरवा रंग, उघडे छत, मोठाले टायर. विकणारा तरुण सभ्य होता. ती त्याच्या वडिलांनी हौसेने जुळवलेली. लष्कराच्या लिलावातली एक चौकट, दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन, तिसरीचा गिअरबॉक्स आणि वरची बॉडी नवी ठोकून घेतलेली. भाचा आनंदाने म्हणाला, “मामा, ही साधी जीप नव्हे. परदेशात हिला किट कार म्हणतात!”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. इंग्लंडमध्ये १९५७ साली निघालेली लोटस सेव्हन ही छोटी मोटार सुट्या भागांच्या संचात मिळे. घरी जोडली की खरेदी कर वाचे. आपल्याकडची जीप तरी कशी आली? स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी विलीज कंपनीचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. म्हणजे जोडलेली गाडी आपल्याला परकी नाही.

फरक आहे तो कागदात. ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र सरकारी तपासणी होते आणि मगच तिला नंबर मिळतो. फेरफार केलेल्या गाडीला जुनाच नंबर ठेवायचा तर तिथे २०२५ पर्यंत गुण मोजत. चेसिसला पाच गुण. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन. आणि ज्याच्या आवाजावर आपण भाळतो त्या इंजिनाला फक्त एक! आठ गुण झाले तरच गाडी ‘तीच’ राहत असे. ओळखच पटत नसेल तर नंबरात ‘क्यू’ हे अक्षर येते आणि सगळ्या जगाला ते दिसते.

आपल्याकडे तशी सोय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो, पण ते काम कारखानदाराचे. हौशी माणसाने अंगणात जोडलेल्या एकट्या गाडीसाठी असा सोपा दरवाजा नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की कारखान्याने दिलेल्या आणि आर.सी.वर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करायचा नाही. इंजिन बदलायचे तरी आधी परवानगी हवी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली.

हे सगळे मला त्या दिवशी पाठ होते असे समजू नका. मला आठवत होते ते फक्त सौभाग्यवतींचे निघतानाचे वाक्य : “मोदल कागद, आम्याल गाडी.” आधी कागद, मग गाडी. म्हणून आर.सी. हातात घेतली. इंधन पेट्रोल, वर्ष १९८४. समोर धडधडत होते डिझेल. आतेभावाच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आले होते. त्यांनी रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश मागवला आणि चौकटीवरचा मळ, रंग खरवडला. आकडे हळूहळू दिसू लागले. आर.सी.वरच्या चेसिस नंबराशी शेवटचे चार जुळेनात. नंबराची पट्टी मात्र बरोबर होती. ती जुन्या जीपची काढून इथे रिव्हेट मारून बसवलेली. मिस्त्री एवढेच म्हणाले, “साहब, किताब किसी और गाडी की है.”

वाचकहो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मालकी वेगळी आणि नोंदणी वेगळी. पैसे मोजले, किल्ली घेतली, की व्यवहाराच्या दृष्टीने वस्तू आपली. पण सरकारच्या लेखी गाडी म्हणजे रंग नव्हे, इंजिनाचा आवाजही नव्हे. गाडी म्हणजे चेसिस नंबर. तो जुळला नाही, तर आपण घेतले ते लोखंड. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार, की विमा कुठल्या गाडीचा?

दुसरी अडचण मग निघाली. आर.सी. अजून वडिलांच्या नावावर होती आणि वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. मालक वारला तर वारसाने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव चढवायचे असते. मुलाला हे ठाऊकच नव्हते. तो म्हणाला, “फॉर्म २९ आणि ३० वर बाबांची सही आहे, त्यांनी आधीच करून ठेवली होती. तारीख तुम्ही टाका.” मेलेल्या माणसाच्या सहीवर आजची तारीख! माझ्या अंगावर काटा आला.

काटा येण्याला कारण होते. १९९८ साली मी माझी स्कूटर एका ओळखीच्या गृहस्थाला विकली होती. कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, चहा घेतला, विषय संपला असे मानले. चार वर्षांनी अपघात दाव्याची नोटीस घरी आली. स्कूटर तिसऱ्याच्याच हातात होती आणि नाव माझे! प्रकरण मिटेपर्यंत झोप उडाली होती. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचला. गाडी २००७ मध्ये विकलेली, मग हातोहात फिरलेली, अपघात २००९ मधला. तरी नोंदवहीत नाव असलेला पहिलाच मालक जबाबदार ठरला. म्हणजे नावावर करून घेणे जितके घेणाऱ्याच्या हिताचे, तितकेच देणाऱ्याच्याही.

भाचा मात्र ऐकेना. पंचवीस हजार विसार देऊन ठेवू, कागदाचे मग बघू, असा त्याचा हट्ट. विसाराला जुना शब्द संचकार. आमच्याकडे कन्नडमध्येही तोच चालतो. पण कन्नडमध्ये संचकार म्हणजे संकटसुद्धा! मी त्याला एवढेच विचारले, “आईची ठेव मोडून संचकार द्यायचा की घ्यायचा?” तो गप्प झाला. रात्री रामघाटावर बराच वेळ नदीकडे बघत बसला. विसार दिला नाही.

परत येण्यापूर्वी मी त्या तरुणाकडे पुन्हा गेलो. जीप घेत नाही, पण तूही ही कोणाला अशी देऊ नकोस, वडिलांचे नाव कुठल्या तरी खटल्यात निघेल, असे सांगितले. आधी आर.टी.ओ.त जाऊन खरे काय ते सांग, म्हटले. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, “बाबांनी दोन वर्षं खपून बनवली होती, काका.” हौसेला दोष नाही. पण हौसेचा कागद वेळेवर झाला नाही, की ती पुढच्या पिढीच्या गळ्यात पडते.

आपण सीमेवरची माणसे. सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या, गाड्याही इकडच्या तिकडे होतात. म्हणून थोडे ध्यानात ठेवा. नंबर आधी परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर पाहा. बँकेचा बोजा असेल तर उतरवून घ्या. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः बघा, पट्टीवर विसंबू नका. लष्करी लिलावातली गाडी असेल तर मूळ विक्री दाखला, म्हणजे फॉर्म २१, मागा. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि तिथला करही भरावा लागतो. उज्जैनचा एम.पी. १३ आपोआप बेळगावचा के.ए. २२ होत नाही.

ताईची ठेव पुन्हा बँकेत गेली. भाच्याने चार महिन्यांनी इथलीच एक साधी जुनी गाडी घेतली. रंग फिका, टायर लहान. पण नावावर व्हायला तीन आठवडे लागले, तेवढे दिवस त्याने ती अंगणातून हलवली नाही. आर.सी. आली तेव्हा आधी आईच्या हातात दिली, मग किल्ली फिरवली.

सौभाग्यवती दारातून म्हणाल्या, “ईग होरडु.” आता निघ!