पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप उघडा, मग वाचनसंस्कृतीवर बोलू

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा शिकवावी की नाही, यावर महाराष्ट्र ढवळून निघाला. १६ एप्रिल आणि १७ जून असे दोन शासन निर्णय निघाले, राज्यभर विरोध झाला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. त्याआधी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. मराठीसाठी इतके लोक उभे राहिले, याचे आम्हाला समाधान आहे. पण या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत शिकणाऱ्या सात वर्षांच्या मुलीच्या हातात, पाठ्यपुस्तक सोडून, मराठीतले एखादे गोष्टीचे पुस्तक येते का?

'असर' २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते, म्हणजे सुधारणा झाली आहे. तरीही पाचवीत तोच मजकूर वाचू शकणारी मुले ४४.८ टक्केच आहेत. निम्म्याहून अधिक मुले दुसरीचा उतारा न वाचता पाचवीपर्यंत पोहोचतात. ही मुले कोणाच्या घरची आहेत, हे वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

कायदा आहे, पैसाही आहे

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्र, मासिके व गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. रक्कम मोठी नाही, पण चांगली बालपुस्तके स्वस्त मिळतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत मिळतात.

मग अडते कुठे? आम्ही ज्या शाळांत जातो, तिथे बहुतेक वेळा मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट असते. पुस्तके आत असतात, किल्ली सरांकडे असते. कारण विचारले की उत्तर ठरलेले: "मुलं फाडतात. नोंदवहीत पुस्तक कमी भरलं तर आम्ही काय सांगायचं?" ही भीती खोटी नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची आणि वर फाटलेल्या पुस्तकाचा जाबही द्यायचा. प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचे पद नाही. अशा वेळी कपाट बंद ठेवणे हाच शिक्षकाला सुरक्षित मार्ग वाटतो.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत मात्र एक समंजस तरतूद आहे. ग्रंथालयातून वर्षभरात देवघेव झालेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे तिथे स्वाभाविक मानले आहे. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे. मोठ्यांच्या ग्रंथालयाला जी सवलत मिळते, ती सहा वर्षांच्या मुलांच्या ग्रंथालयाला का नको? हाताळून फाटलेले पुस्तक हे पुस्तक वाचले गेल्याचा पुरावा आहे. ते निर्लेखित करण्याची सोपी पद्धत शाळांना द्या, ही आपली पहिली मागणी असायला हवी.

दिवस साजरा होतो, तास होत नाही

२०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीदिनी, राज्यात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी कपाट उघडते, मुले मांडी घालून पुस्तक धरतात, फोटो काढून वर पाठवले जातात. १६ तारखेला कपाट पुन्हा बंद. आमचा विरोध या दिवसाला नाही. पण गोडी सवयीने लागते आणि सवय रोजच्या सहवासाने.

जिथे एखाद्या शिक्षिकेने मनावर घेतले, तिथे फार साध्या गोष्टींनी चित्र बदललेले आम्ही पाहिले आहे. वर्गात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी बांधून तिच्यावर पुस्तके टांगायची, म्हणजे मुखपृष्ठ दिसते आणि हात पोहोचतो. रोज दहा मिनिटे शिक्षकाने गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची आणि त्यावर प्रश्नोत्तरे घ्यायची नाहीत. आठवड्यातून एक तास मुलांनी स्वतः पुस्तक निवडायचे. पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते सध्या बाजूला ठेवून दुसरे घ्यायचे, एवढे सांगितले की मुले आपली आपण निवड करू लागतात. चौथीतली दोन मुले देवघेवीची वही सांभाळतात. शनिवारी पुस्तक घरी जाते, सोमवारी परत येते. एखादे मूल आवडलेल्या गोष्टीबद्दल वर्गासमोर दोन मिनिटे बोलते. आजीकडून ऐकलेली गोष्ट मुले लिहितात, चित्रे काढतात, टाचणी मारून तिचे पुस्तक करतात आणि तेही दोरीवर टांगले जाते.

यात शेवटचा उपक्रम आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. घरी गोरमाटी, कोरकू, भिली किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला आपल्या घरातली भाषा पुस्तकात दिसते, तेव्हा पुस्तक परके राहत नाही.

"आधी वाचता येऊ द्या, ग्रंथालय नंतर," असे काही जण म्हणतात. पण पोहायला आल्यावरच पाण्यात उतरायचे, असे कुणी म्हणत नाही. अक्षरओळख फळ्यावर होते. वाचनाला वेग आणि अर्थ येतो तो पुढची गोष्ट जाणून घेण्याच्या ओढीने. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, त्या मुलांना ही ओढ आईवडिलांकडून लागते. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, तिथे शाळेचे कपाट हेच एकमेव ग्रंथालय असते. त्याचे कुलूप सर्वांना सारखे लागत नाही.

पुस्तक हातात देणारे कुणीतरी

बाबासाहेबांच्या वाचनाच्या गोष्टी आपण मुलांना नेहमी सांगतो. राजगृह पुस्तकांसाठी बांधले, हे प्रत्येकाला माहीत असते. पण त्या गोष्टीचा आधीचा भागही सांगायला हवा. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत, तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरले आणि वाचायला पुस्तके दिली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर सत्कारात त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. वडील रामजी सुभेदार हातात पैसे नसतानाही मुलासाठी पुस्तके आणत. अफाट बुद्धी होतीच, पण योग्य वयात पुस्तक हातात देणारी माणसेही होती.

आज ते काम आपल्याला करता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असणे कायद्याने बंधनकारक आहे. वस्तीतले पालक या समितीत असतात, पण बऱ्याचदा फक्त सहीपुरते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन मुद्दे घ्यायला त्यांना मदत करा: ग्रंथालयाचे अनुदान आले का आणि त्यातून कोणती पुस्तके घेतली, वेळापत्रकात आठवड्याला वाचनाचा एक तास आहे का, मुलांना पुस्तक घरी नेता येते का. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. फाटलेल्या पुस्तकांची जबाबदारी एकट्या शिक्षकावर न टाकता समिती ती घेईल, असा ठराव झाला तर अनेक शिक्षक स्वतःहून किल्ली बाहेर काढतील.

६ डिसेंबरला 'एक वही, एक पेन' या आवाहनाला आपल्या तरुणांनी मोठा प्रतिसाद दिला आहे. त्याच्या जोडीला लहान मुलांसाठी एक गोष्टीचे पुस्तक आणता येईल. संध्याकाळी विहारात अभ्यासिका चालत असेल, तर तिथेही एक दोरी बांधता येईल आणि सुट्टीतही पुस्तके फिरती राहतील. मात्र विहारातल्या दोरीने शाळेची जबाबदारी संपत नाही. शाळेतले ग्रंथालय हा मुलांचा कायदेशीर हक्क आहे, आणि तो शाळेतच मिळाला पाहिजे. या आठवड्यात आपल्या जवळच्या शाळेत जा आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, एवढे विचारा.