दोष बैठकीचा की सक्तीचा?

बिदरची काळीभोर सुरई आणि तिच्यावरील चांदीची वेलबुट्टी पाहून ज्याचे भान हरपत नाही असा रसिक विरळाच. या कलेला २००६ साली भौगोलिक मानांकन लाभले. तेथील ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री देण्यात आली. कलेचा गौरव झाला, हे योग्यच झाले. परंतु जस्त-तांब्याच्या वस्तूवर छिन्नीने खाचा कोरून त्यांत चांदीची तार ठोकून बसवण्याचे हे काम कारागीर जमिनीवर बसून, मान व पाठ वाकवून तासन्तास करतात. त्या पाठीची विचारपूस फारशी होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते. या दुखण्याचे खापर आपण सरसकट बैठ्या कामावर फोडतो. स्वीडिश शल्यविशारद नाखेमसन यांच्या १९६० नंतरच्या मोजमापांनी या समजाला बळ दिले. उभे राहण्यापेक्षा बसण्याने मणक्यांमधील चकतीवर अधिक दाब येतो, असे त्यांना आढळले होते. तथापि १९९९ साली जर्मन संशोधकांना सैल बसलेल्या स्थितीत तसे दिसले नाही. २०१० साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनीही, कामावरील बसणे हेच स्वतंत्रपणे कंबरदुखीचे कारण असण्याचा संभव कमी, असा निर्वाळा दिला. मात्र बसण्याला अवघडलेल्या शरीराची आणि सततच्या हादऱ्यांची जोड मिळाली की धोका वाढतो, असे २००७ मधील एका आढाव्यात दिसून आले.

सीमाभागातील अनुभव याहून वेगळा नाही. कलबुर्गीच्या रानात तूर कापणारी बाई दिवसभर बसत नाही, वाकते. तरी सायंकाळी तिची कंबर धरतेच. भालकी-औरादकडील खडबडीत वाटांवर ट्रॅक्टर हाकणारा बसलेलाच असतो, पण हादरे खात. तेव्हा बसणे हा एकटा आरोपी नव्हे. एकाच स्थितीत जखडून राहण्याची सक्ती हा खरा प्रश्न आहे, असे आमचे मत आहे.

ही सक्ती मजुरीतून येते. ज्याला नगावर पैसे मिळतात, त्याला पाठ ताठ करायला उठणेही परवडत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने उभ्याने राबणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली. केरळने २०१८ साली दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क दिला. बसून राबणाऱ्याच्या उठण्याच्या हक्काचा विचार मात्र व्हायचा आहे. कंबर धरली तर अंथरूण धरण्यापेक्षा हिंडते-फिरते राहावे, असे वैद्यक आज सांगते. तो सल्ला पाळायलाही सवड लागते, आणि सवडीला मजुरीचा आधार लागतो.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. काम नजरेच्या जवळ येईल असा उंच पाट, तासातून दोनदा उठण्याची मुभा आणि तेवढा वेळ जमेस धरणारा दर, एवढे सहकारी संस्थांना व सरकारी खरेदीदारांना सहज करता येईल. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनीही कंबरदुखीच्या रुग्णाला गोळी लिहून देण्यापूर्वी त्याचा धंदा विचारावा.

बिदर दूर आहे असे समजून आपण किनारपट्टीच्या लोकांनी निश्चिंत राहू नये. सिंधुदुर्गात आणि गोव्यात काजूगर सोलणाऱ्या आपल्या भगिनी अशाच तासन्तास एका जागी बसून राबतात. सुरईचे कौतुक करणाऱ्यांनी आणि काजूगर चवीने खाणाऱ्यांनी या पाठींचे देणे ओळखावे, एवढेच आमचे सांगणे आहे.