जात्याचा ताल आणि एडिटिंगची कात्री

हल्ली कॉलेजात ‘प्रोजेक्ट’ हा शब्द निघाला की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यातून तो प्रोजेक्ट ‘म्युझिक व्हिडिओ’चा असला तर विचारायलाच नको. ‘सर, पोरं दिवसभर मोबाईल धरून गल्लीत फिरतायत, आणि याला तुम्ही मार्क देणार?’ असं एका पालकांनी मला भर बाजारात विचारलं. देणार, असं मी म्हटलं. का देणार, ते आज सांगतो.

पदवीच्या मुलांना तीन मिनिटांचं एक गाणं स्वतः चित्रित करून, स्वतः जुळवून द्यायचं होतं. माझ्याकडे सहा जणांचा गट आला. तिघं मराठी घरातली, दोघं कन्नड घरातली आणि एक मुलगी दोन्हींची. वडील मराठी, आई कन्नड. पहिल्याच बैठकीत भांडण लागलं, गाणं कुठल्या भाषेतलं घ्यायचं? मराठी घेतलं तर हे रुसणार, कन्नड घेतलं तर ते. एकानं तोडगा काढला, हिंदी सिनेमातलं घेऊ! पण सिनेमाच्या गाण्याचे हक्क कंपनीकडे असतात. वर्गात अभ्यासापुरतं दाखवणं वेगळं आणि इंटरनेटवर चढवणं वेगळं. तेही बारगळलं.

वाट दाखवली ती त्या दोन्ही घरच्या मुलीनं. तिची मराठी आज्जी जात्यावरच्या ओव्या म्हणते, आणि कन्नड अज्जी बीसुकल्लिन पद म्हणते. दोघी विहिणी. आपल्या कन्नड वाचकांसाठी सांगायचं तर बीगति. घरात जुनं जातं अजून आहे. मग दोघींनाच बसवलं तर?

मुलांना वाटलं होतं, आपण काहीतरी अडगळीतलं शोधून काढलं. मी त्यांना सांगितलं, बाबांनो, ही अडगळ नव्हे, ठेव आहे. विजापूर भागातल्या हलसंगीच्या मित्रमंडळानं 1931 साली ‘गरतिय हाडु’ हा कन्नड स्त्रीगीतांचा संग्रह काढला. मराठीत साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशाच ओव्या गोळा केल्या. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखावर गेली. भाषा दोन, पण गाणारणीचं काम एकच: पहाटे उठायचं, जोंधळे दळायचे आणि मनातलं जात्याला सांगायचं.

आता प्रत्यक्ष चित्रीकरण. पडवीत अंधार, म्हणून मुलांनी ट्यूबलाइट लावली, तर पडद्यावर काळे पट्टे सरकायला लागले. मोबाईल बिघडला म्हणून एकजण दुकानात निघालाच होता! बिघाड नव्हता. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. तिच्यावरचा साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. मोबाईल सेकंदाला तीस चित्रं घेत होता आणि शटरचा त्या दिव्याशी मेळ बसत नव्हता. सेकंदाला पंचवीस चित्रं आणि शटर एक-पन्नासांश ठेवल्यावर पट्टे गेले. पदार्थविज्ञानाच्या तासाला जे डोक्यावरून गेलं, ते पडवीत डोक्यात शिरलं.

दुसरा धडा बसण्याच्या जागेचा. दोघी जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलेल्या. कॅमेरा त्यांच्यामधल्या रेषेच्या एकाच अंगाला ठेवायचा, हे मी आधीच बजावलं होतं. रेषा ओलांडली की पडद्यावर दोघी एकाच दिशेला बघताना दिसतात आणि बोलणं तुटतं. दोन मोबाईल चित्राला लावले, तिसरा फक्त आवाजासाठी जात्याजवळ. सुरुवातीला एक टाळी वाजवली. एडिटिंगच्या वेळी त्या टाळीचा आवाजातला उंच टोकदार ठिपका आणि तळवे मिटतानाचं चित्र जुळवलं, की सगळं एका सुतात येतं.

खरी शाळा भरली ती एडिटिंगला. डाविंची रिझॉल्व्हची फुकट मिळणारी आवृत्ती कॉलेजच्या संगणकावर घातली. तीन मिनिटं म्हणजे 180 सेकंद, सेकंदाला पंचवीस, म्हणजे साडेचार हजार चित्रं. त्यातलं कुठलं ठेवायचं नि कुठं कात्री लावायची, हे ठरवायचं. मुलांनी आधी खाली ढोलाचा ठेका घातला, मिनिटाला साठ ठोके. पहिली ओवी कशीबशी बसली. तिसऱ्या ओवीला ढोल पुढं आणि आज्जी मागं! कारण जातं घड्याळासारखं फिरत नाही. मूठभर जोंधळे आत पडले की ते जड होतं, गाणं संथ होतं. दाणे संपत आले की हलकं होतं, गाणं सुटतं. ताल जात्याचा आहे आणि तो दाण्यांवर ठरतो, हे मुलांना कळायला तीन दिवस लागले. ढोल काढला. जात्याची घरघर हेच संगीत ठेवलं. व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’मध्ये 1937 सालीच पार्श्वसंगीत न वापरता आसपासच्या आवाजांवर सगळा चित्रपट पेलला होता, हे तेव्हा सांगितलं. तोवर सांगून उपयोगही नव्हता.

आणखी एक अडचण होती. आज्जीची ओवी दोन ओळींची, अज्जीची त्रिपदी तीन ओळींची. मुलांना दोघींना सारखा वेळ द्यायचा होता, म्हणून मोजून पंधरा-पंधरा सेकंद. पण तसं केलं की कन्नड पद शेवटच्या ओळीत तुटायचं आणि मराठी ओवीच्या शेवटी रिकामी जागा उरायची. सेकंदांची वाटणी न्याय्य होती, पण ऐकवत नव्हती. शेवटी त्यांनी सेकंद सोडले आणि जात्याचे फेरे धरले. खुंटा समोर आला की चित्र बदलायचं, मग गाणारी कुणीही असो. दोन भाषांतला सांधा त्यानंतर कानाला लागेनासा झाला.

राहिलं नाव. पडद्यावर वरती देवनागरी की कन्नड लिपी? कुठली लिपी वर, हा प्रश्न आपल्या भागात किती नाजूक आहे ते तुम्हाला मी नव्यानं सांगायला नको. दोन बैठका त्यात गेल्या. मग ती दोन्ही घरची मुलगी म्हणाली, ‘पण माझ्या दोन्ही आज्ज्यांना वाचायला कुठं येतं?’ सगळे गप्प. नावं लिहिलीच नाहीत. शेवटी दोघी आपापल्या तोंडानं, आपापल्या भाषेत आपलं नाव आणि गाव सांगतात. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तिचं श्रेय ऐकू येतं.

पण सगळ्यात अवघड कात्री याच्याही पुढची होती. गाता गाता आज्जी कॅमेरा विसरली आणि सासरच्या जाचाची एक ओवी म्हणून गेली. आवाज भरून आलेला, समोरची अज्जी नुसती तिच्याकडे बघते आहे. वीस सेकंद. अख्ख्या व्हिडिओत त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. पुरं झालेलं काम मुलांनी घरी नेऊन दोघींना दाखवलं. अज्जी म्हणाली, ‘छलो आत नोड.’ आज्जी मात्र त्या ओवीपाशी थांबली. म्हणाली, ‘ती काढ बाळा. ती मी जात्याला सांगितली, जगाला नाही.’

गटात पुन्हा वाद झाला. ‘सर, मार्क जातील.’ ‘सर, तेच तर खरं आहे.’ माझं मत विचारलं. मी म्हटलं, गाणं कुणाचं? मग विचारायचं कुणाला? एका संध्याकाळच्या वादानंतर त्यांनी ती ओवी काढली. त्या जागी काही भरलं नाही, नुसतं जातं सात फेरे फिरतं आणि पीठ सांडतं. परीक्षक म्हणाले, इथं गाणं का थांबलं? मुलगी म्हणाली, ‘ते घरचं आहे सर.’ एवढंच. आणि व्हिडिओ इंटरनेटवर चढवायचा नाही, असंही सहाही जणांनी ठरवलं. कारण वर्गात दाखवण्याला दोघींचा होकार होता, त्यापुढचा नव्हता.

आता त्या बाजारातल्या पालकांना उत्तर. मार्क कॅमेऱ्याला दिले नाहीत. एक गाणं साठ-सत्तर वेळा ऐकून त्यातला श्वास ओळखता येणं, दुसऱ्याच्या भाषेतली ओळ अर्ध्यात न तोडणं आणि हातात कात्री असताना मालकाला विचारणं, याला दिले. तुमच्या घरी असा प्रोजेक्ट आला तर मुलांना एक कोरी वही द्या आणि गाणं निवडण्याआधी आज्जीशेजारी बसवा. आधी ऐकू दे, मग मोबाईल काढू दे. आणि झालेलं काम कॉलेजात नेण्याआधी, ज्यांचा आवाज घेतला त्यांना दाखवायला सांगा. त्यांनी ‘काढ’ म्हटलं तर पोरांशी हुज्जत घालू नका, मार्क आम्ही बघून घेऊ.