एक शनिवार-रविवार शहरासाठी ठेवा

जोडून सुट्टी आली की पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. शनिवारी अजिंठा, रविवारी वेरूळ, येताना देवगिरी, उजेड उरला तर बीबी का मकबरा आणि रात्रीची गाडी. छत्रपती संभाजीनगर त्यांना दिसतं ते फक्त हॉटेलच्या खिडकीतून. इथल्या रहिवाशांचंही फारसं वेगळं नाही. पाहुण्यांबरोबर दहादा वेरूळ केलेला माणूस शहरातल्या लेण्यांचं नाव काढलं की ‘हो, जायचंय एकदा’ म्हणतो. या दोघांनाही सांगणं एवढंच, की एक शनिवार-रविवार निव्वळ शहरासाठी काढा. वेरूळ कुठं पळून जात नाही.

मुक्काम स्टेशन किंवा छावणीच्या बाजूला करा आणि खाम नदीच्या आसपास राहून फिरा. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात म्हणून दरवाजे मोजत सुटलात तर दोन्ही दिवस रिक्षातच जातील. नदी धरलीत तर पूल, दरवाजे, पाणचक्की, बेगमपुरा हे सगळं एका ओळीत येतं.

सुरुवात छावणीतून करा. रुंद रस्ते, जुनी झाडं, चर्च. शहराच्या गर्दीतून इथं शिरलं की फरक लगेच कळतो. ही निजामाच्या मुलखात इंग्रजांच्या हुकमतीखाली असलेल्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. १८५७ च्या जूनमध्ये इथल्या पहिल्या घोडदळाने निजामाच्या हद्दीबाहेर दिल्लीच्या फौजांवर चालून जायला नकार दिला. जनरल वुडबर्न पुण्याकडून फौज घेऊन आला आणि बंड मोडलं. बंडवाल्यांपैकी मीर फिदा अली फासावर गेला, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. त्या शिक्षांची जागा म्हणून काळा चबुतरा ओळखला जातो. आज तिथं क्रांती चौक आहे. सिग्नल सुटेपर्यंत उभ्या असलेल्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. मुलं बरोबर असतील तर छावणी आणि क्रांती चौक एकाच सकाळी दाखवा, म्हणजे गोष्ट तुटत नाही.

जवळच कर्णपुरा. नवरात्रात यात्रेला येणारे लाखो लोक देवीचं दर्शन घेतात. हे पुरं बिकानेरचा राजा कर्णसिंह याच्या नावाचं. तो मुघलांचा सरदार म्हणून दख्खनेत होता. पदमपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा या वस्त्यांची नावंही अशीच राजपूत सरदारांची. छावणीचा मोठा बाजार गुरुवारी भरतो. जनावरांपासून जुन्या अवजारांपर्यंत काय नाही तिथं! पण शनिवारी आलात तर तो हुकणार, त्याला इलाज नाही. आणि हा लष्करी भाग आहे. पहाऱ्याच्या जागी मोबाइल खिशात राहू द्या.

छावणीकडून नागसेनवनात या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय इथलं. मराठवाड्यात तेव्हा कॉलेज म्हणजे दुर्मीळ गोष्ट होती, हे ध्यानात ठेवून हा परिसर पाहा.

पाणचक्की पुष्कळांनी ‘केलेली’ असते. हौदाशी फोटो काढून पाच मिनिटांत परततात. तसं करू नका. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून इथवर येई. उंच बांधलेल्या भिंतीवर ते चढवलेलं असे, तिथून पडताना जातं फिरवी, आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जाई. त्याच्याही आधी, १६१० मध्ये खडकीला, म्हणजे याच शहरात, राजधानी वसवणाऱ्या मलिक अंबरने शहराला नहरींनी पाणी दिलं होतं. हौदाच्या पाण्याखाली मोठं दालन आहे: हौदाचा तळ हेच त्याचं छत. नळाला आठवडाआड पाणी येणं अनुभवलेल्या शहराने तर इथं जरा जास्तच वेळ उभं राहावं.

दुपारी जुन्या शहरात नान-कलिया खा. तुघलकाच्या लष्करातून तो इथं आला असं सांगतात. खरं-खोटं करत बसू नका, तर्री गार होते. मांसाहार नसेल तर गुलमंडीत पोट भरेल. हिमरूचं विणकाम बघायचं असेल तर हातमाग चालू आहे का ते आधी विचारा, नुसतं दुकान बघू नका.

रविवारची सकाळ मात्र सबंध लेण्यांना द्या. मकबऱ्याच्या मागून साधारण दोन किलोमीटर; रिक्षावाल्याला ‘बुद्धलेणी’ म्हणा. बारा लेणी आहेत, बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली. ऊन चढायच्या आत पायऱ्या चढा, पाणी बरोबर घ्या. तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष आहेत, जवळपास माणसाएवढे. त्यांचे केस, दागिने, चेहरे एकेक करून पाहा. तिथून सातवं लेणं थोडं दूर आहे, कंटाळा करून परत फिरू नका. त्याच्या दाराशी अवलोकितेश्वर उभा आहे आणि दोन्ही बाजूंना आग, तलवार, बुडतं जहाज, सिंह, साप, हत्ती अशा संकटांत सापडलेले लोक त्याचा धावा करताहेत. समुद्रापासून इतक्या दूर डोंगरात बुडतं जहाज का कोरलं, याचं उत्तर व्यापारी मार्गांत आहे. या कामांना पैसा पुरवणाऱ्यांत व्यापारीही असत. आत गाभाऱ्यात एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. अजिंठ्याच्या गर्दीत असं शांतपणे उभं राहायला मिळत नाही.

उतरल्यावर पायथ्याशी, विद्यापीठाच्या बाजूला, सोनेरी महाल आहे. बुंदेला सरदार पहाडसिंगाने सतराव्या शतकात बांधलेला. भिंतींवरच्या सोनेरी चित्रांवरून नाव पडलं, आता आत संग्रहालय आहे. अर्धा तास पुरे.

मकबरा संध्याकाळसाठी ठेवा आणि ताजशी तुलना एकदाची घरी ठेवून या. सोमवारची रजा मिळाली तर वेरूळ उघडं असतं. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, तेवढं तिकीट काढताना बघा.