पालकांनी वर्गात यावे

२००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असा दंडक घातला. हे ठीकच झाले. परंतु सभेच्या खुर्चीवर बसलेला पालक वर्गाच्या उंबऱ्याआत मात्र क्वचितच दिसतो.

याचा दोष आम्हां शिक्षकांकडेही जातो. प्राथमिक वर्गास साहाय्य करावयास आलेल्या एका पाडेल्याला आम्ही प्रथम बाके हलविण्याचेच काम सांगितले होते. नारळ पाडणाऱ्याने वर्गात आणखी काय करावे, हा आमचा अहंकार! पुढे एके दिवशी चारचा पाढा मुलांना काही केल्या येईना, तेव्हा त्याने शाळेच्या माडांचे नारळ दोन्ही हातांत दोन-दोन उचलून 'चार, आठ, बारा' असे मोजीत रास घातली. मुलेही मोजू लागली. त्याचा स्वतःचा मुलगा सर्वांत मोठ्याने.

'आमचे मराठी शुद्ध नाही' म्हणून संकोचणाऱ्या पालकांनो, आमच्याही घरची बोली कोंकणीच आहे. अक्षरओळख नि वह्यांची तपासणी आमच्याकडे राहू द्या. आठवड्यातून एक तास आपला हिशेब, आपली गोष्ट तेवढी घेऊन या. बाके आम्ही हलवू.