टाळ्या वाजवून झाल्या, आता हिशेब मांडू या

मैत्रिणींनो, 'लॉकडाऊन' हा शब्द आपल्या बोलण्यात आता इतका मुरलाय की काळाची मोजदादसुद्धा आपण त्यावरूनच करतो. नणंदेचं लग्न लॉकडाऊनच्या आधीचं, धाकट्याचं बारसं लॉकडाऊनमधलं, सासऱ्यांचं आजारपण त्यानंतरचं. २२ मार्च २०२०च्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर, गच्चीवर, गॅलरीत उभं राहून सगळ्यांनी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. दोनच दिवसांनी, २४ मार्चच्या रात्री, देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आधी एकवीस दिवस म्हणता म्हणता ती वाढत वाढत मे महिना संपेपर्यंत गेली. 'घरात राहा, सुरक्षित राहा' हे वाक्य तर पोराटोरांनाही पाठ झालं.

पण घरात राहायचं म्हणजे नेमकं काय? कारखाना बंद ठेवता येतो. शाळा, एसटी, आठवडी बाजार, देऊळ, सगळं बंद ठेवता येतं. चूल बंद ठेवता येत नाही. आणि कुठल्या घरात कोणाला ताप आलाय, हे विचारत दारोदार हिंडणारं कुणी नसेल तर घरात राहूनही साथ आटोक्यात येत नाही. म्हणजे त्या आदेशाचं निम्मं ओझं उंबऱ्याच्या आत राबणाऱ्या बाईवर होतं आणि निम्मं उंबऱ्याबाहेर येऊन कडी वाजवणाऱ्या आशाताईवर. या दोघींच्या कामाचं कौतुक पुष्कळ झालं. मोजणी मात्र झाली नाही, आणि जे मोजलं जात नाही ते पुढच्या वेळीही गृहीतच धरलं जातं.

आधी उंबऱ्याच्या आतलं बघू. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर एक पाहणी केली होती. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची ती पाहणी. त्यात दिसलं, की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला वेळ सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळपास पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाचा वेळ ९७ मिनिटं. आणि मुळात असा हात लावणारे पुरुष चारांत एक! ही टाळेबंदीच्या आधीची गोष्ट, बरं का.

मग २०२० साल उजाडलं. माणसं चोवीस तास घरात. दिवसातून चार वेळा चहा, दोन वेळा नाश्त्याची फर्माईश, धुण्याभांड्याच्या मावशींना यायला बंदी. आणलेली भाजी धुऊन वाळवायची, बाहेरून आलेल्याचे कपडे वेगळे भिजवायचे, घरात एकच मोबाईल असेल तर मुलांच्या ऑनलाइन तासासाठी तो कोणाला कधी द्यायचा याची भांडणं सोडवायची. त्याच मोबाईलवर बायकोच्या हुकमानं भांडी घासणाऱ्या नवऱ्यांचे विनोद मात्र ढिगानं फिरत होते. काही घरांत पुरुष खरंच पोळ्या लाटायला शिकले, ते नाकारायचं नाही. पण पुढं काय झालं? तीच सरकारी पाहणी २०२४ साली पुन्हा झाली. बाईचा वेळ २८९ मिनिटं, पुरुषाचा ८८. बायकांची दहा मिनिटं कमी झाली, तर पुरुषांचीही नऊ झाली! विनोद सगळीकडे पोचले, भांडी होती तिथंच राहिली.

ही नुसती घरगुती कुरकुर नाही, हा सार्वजनिक आरोग्याचाच प्रश्न आहे. हात धुण्यापासून रुग्णाला वेगळं ठेवण्यापर्यंत साथ रोखण्याचे जेवढे उपाय सरकारनं सांगितले, त्यातले बहुतेक स्वयंपाकघरातूनच अमलात आले. सौम्य लक्षणांच्या रुग्णांनी घरीच वेगळं राहावं, असा नियम २०२० साली झाला. त्यात एक अट होती : रुग्णाजवळ चोवीस तास काळजी घेणारी व्यक्ती हवी. कागदावर ती कोणीही असू शकत होती. पण व्यक्ती हा शब्द जसा व्याकरणात स्त्रीलिंगी, तशीच ती बहुतेक घरांतही निघाली. दोन खोल्यांच्या घरात, एकाच संडास-मोरीवर, रुग्णाचं ताट वेगळं ठेवत, तीन वेळा ताप आणि ऑक्सिजन मोजत, वर सासूबाईंची बीपीची गोळी न विसरता तिनं ते निभावलं. तीच आजारी पडली तर तिची काळजी घेणारी व्यक्ती कोण, याचं उत्तर पुष्कळ घरांत नव्हतं.

आपल्यातल्या काहीजणी म्हणतील, 'अहो, घरच्यांसाठी केलं ते. मायेचा काय हिशेब मांडायचा?' बरोबर आहे, मायेचा हिशेब नसतो. पण कामाचा असतो. आणि हिशेब म्हणजे लगेच पैसेच असंही नाही. तो मांडला नाही तर काय होतं याचं एक उदाहरण सांगते. टाळेबंदी लागली तेव्हा जीवनावश्यक वस्तूंच्या आदेशात सॅनिटरी नॅपकिनचा स्पष्ट उल्लेख नव्हता. माल अडकला, दुकानं रिकामी झाली, शाळेतून नॅपकिन मिळणाऱ्या मुलींचंही ते बंद झालं. शेवटी २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाला वेगळा खुलासा करून सांगावं लागलं की होय, हेही त्यात येतं. यादी करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसेलही. पण ज्या बाईच्या गरजेची रोज मोजणी होत नाही, ती घाईगडबडीच्या वेळी आठवत नाही.

आणि 'घर सुरक्षित' हे तरी सगळ्यांसाठी खरं होतं का? मारणारा माणूस घरात, माहेरचा रस्ता बंद, शेजारीण दाराआड. राष्ट्रीय महिला आयोगाकडे छळाच्या तक्रारी वाढल्या आणि एप्रिल २०२०मध्ये आयोगाला तक्रारींसाठी खास व्हॉट्सअॅप नंबर सुरू करावा लागला. फोनवर मोठ्यानं बोलायचीही जिला चोरी, तिच्यासाठी ही सोय. पण ज्या घरात मोबाईल नवऱ्याच्याच खिशात, तिथल्या बाईनं काय करायचं?

आता उंबऱ्याबाहेर येऊ. 'आशा' ही योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर सुरू झाली. साधारण हजार वस्तीमागे एक बाई, त्याच गावातली, तिथलीच सून किंवा लेक. गरोदर बाईची नोंद, बाळंतपणाला दवाखान्यात नेणं, बाळाचे डोस, क्षयरोग्याच्या गोळ्या, हे तिचं काम. तिला म्हणायचं 'स्वयंसेविका'. म्हणजे पगार नाही. मानधन आणि जेवढं काम तेवढा मोबदला.

करोना आला तेव्हा हीच बाई घरोघर फिरली. मुंबई-पुण्याहून कोण आलं, कोणाच्या हातावर शिक्का आहे, कोणाला खोकला आहे, घरात साठीच्या पुढचं कोण, ही नोंद तिच्या वहीत होती. सुरुवातीला कित्येकींकडे धड मास्कही नव्हता, पदर नाही तर ओढणी तोंडाला बांधून त्या फिरल्या. १५ सप्टेंबर २०२०पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली, तेव्हा ताप मोजायचं यंत्र आणि ऑक्सिमीटर घेऊन पुन्हा त्याच दारात उभ्या राहिल्या.

आणि आपण काय केलं? पाणी विचारणारीही घरं होती, हे खरं. पण 'तूच रोग घेऊन येतेस' म्हणून तोंडावर दार लावणारी, नावं सांगितली म्हणून भांडायला उठणारीही कमी नव्हती. आरोग्य कर्मचाऱ्यांवर देशभर हल्ले होऊ लागले तेव्हा केंद्र सरकारला २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून असा हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरवावा लागला. या जोखमीच्या कामाचा केंद्राचा जादा मोबदला होता महिन्याला एक हजार रुपये. दिवसाचे तेहतीस!

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपल्याकडे उगीच नाही. मोबदल्यासाठी महाराष्ट्रातल्या आशाताईंना साथ चालू असतानाच, जून २०२१मध्ये, संपावर जावं लागलं. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या सगळ्या आशांचा गौरव केला, पेपरांत फोटो आले. तरीही २०२४च्या सुरुवातीला त्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर ठिय्या द्यावा लागला, तेव्हा कुठे मार्चमध्ये राज्य सरकारनं मानधनात पाच हजारांची वाढ मंजूर केली. वाढ मिळाली, पण 'स्वयंसेविका' ही पाटी गेली नाही.

हे आशाताईंचं दुखणं त्यांचं त्यांनी बघावं, असं म्हणता येत नाही. कारण त्याची झळ आपल्याच लेकरांना बसते. टाळेबंदीत ठिकठिकाणी बाळांच्या लसीकरणाची सत्रं थांबली. ज्यांचा गोवराचा डोस तेव्हा चुकला, त्यातल्या पुष्कळांचा नंतरही राहून गेला. नोव्हेंबर २०२२मध्ये मुंबईत गोवंडीला, भिवंडीत, मालेगावात गोवराची साथ आली. लहान मुलं दगावली. एका साथीसाठी दारं लावली आणि दुसरी मागच्या दारानं आत आली. ती रोखायला पुन्हा घरोघर कोण फिरलं? याच बाया. कुठल्या गल्लीतल्या कुठल्या बाळाचा डोस राहिलाय, हे मंत्रालयातल्या संगणकाच्या आधी त्यांच्या वहीला ठाऊक असतं.

यातलं काहीच नवं नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा रँडसाहेबानं घरं तपासायला गोरे सोल्जर पाठवले. लोक इतके बिथरले की रोगी लपवू लागले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथरोगाचा कायदाही त्याच वर्षीचा. तो कायदा १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रानं कपाटातून काढून लागू केला. कायदा सव्वाशे वर्षं जपून ठेवला, पण रोग्याच्या दारात बंदुकीपेक्षा ओळखीचं माणूस जास्त उपयोगी पडतं, हा त्या वर्षीचा धडा जपला का? आशाताई म्हणजे तोच धडा आहे. ती आपल्या ओळखीची आहे म्हणून आपण दार उघडतो.

मग आपण काय करायचं? मोठमोठ्या गोष्टी नकोत, आपल्या हातातल्याच तीन-चार बघू.

एक आठवडा घरातल्या कालनिर्णयाच्या मागे सगळी कामं लिहा. कोण करतं, किती वेळ लागतो, तेही लिहा. भांडायला नव्हे, सगळ्यांना दिसायला. त्यातली दोन कामं नवऱ्याच्या आणि दोन मुलाच्या नावावर कायमची करा. 'मदत' म्हणून नको. मदत लहर असेल तोवरच टिकते.

घरात कोणी आजारी पडलं तर काळजी कोण घेणार आणि ती घेणारी आजारी पडली तर कोण, हे आजच ठरवून ठेवा. माहेर, शेजार, बचत गट, ज्याचा आधार असेल त्याला आधी बोलून ठेवा.

आपल्या भागातली आशाताई कोण, तिचं नाव आणि नंबर ठाऊक आहे का? नसेल तर विचारून घ्या. ती आली की बसायला द्या, बाळाचं लसीचं कार्ड काढून दाखवा, राहिलेला डोस कधी आणि कुठे मिळेल ते विचारा. तिचा वेळ वाचतो आणि आपल्या बाळाचा डोस चुकत नाही.

आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथं तोंड उघडा. शहरात असाल तर नगरसेविकेला गाठा. 'आमच्या आशाताईंना मोबदला वेळेवर मिळतो का? मास्क, हातमोजे आहेत का?' एवढे दोन प्रश्न दहाजणींनी मिळून विचारले तरी उत्तर द्यावं लागतं. आशाताई एकटी विचारते तेव्हा तिला गप्प बसवणं सोपं असतं.

पुढची साथ कधी येईल हे कोणीच सांगू शकत नाही. पण ती आली तर 'घरात राहा' असा आदेश पुन्हा निघेल आणि तो पुन्हा आपल्याच हातांनी पाळला जाईल, हे नक्की. त्या आदेशाचा कागद लिहिणाऱ्याला या हातांची आठवण राहायला हवी असेल, तर ती करून द्यायचं काम साथ नसतानाचं आहे. टाळ्या पाच मिनिटांत थांबतात. वहीत लिहिलेलं राहतं.